घरचीं छायाचित्रें आणि अजिंठ्याचा धडा

छत्रपति संभाजीनगरापासून सुमारें शंभर किलोमीटरांवर अजिंठ्याचीं लेणीं आहेत. १८१९ च्या एप्रिल महिन्यांत जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्तानें वाघूर नदीच्या दरींत उतरला आणि पुढें तेथील भिंतींवरील चित्रांचा लौकिक जगभर पसरला. तो इतिहास सर्वश्रुत आहे. त्या चित्रांच्या नकलांचें काय झालें, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. आज ज्या घरांत मोबाइलमध्यें हजारों छायाचित्रें सांचलीं आहेत, त्या प्रत्येक घरानें ही दुसरी हकीकत ऐकण्यासारखी आहे.

ईस्ट इंडिया कंपनीनें १८४४ सालीं मद्रास सैन्यांतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्यास अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठीं नेमलें. ऊन, वटवाघळें, ताप यांना तोंड देत त्यानें जवळजवळ वीस वर्षें हें काम केलें. त्याचे मोठमोठे चित्रपट इंग्लंडला गेले आणि सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस या भव्य इमारतींत टांगले गेले. १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागली व ते बहुतेक सर्व भस्म झाले. जे थोडे चित्रपट त्या वेळीं प्रदर्शनांत नव्हते, तेवढेच वांचले. गिल पुन्हां कामाला लागला. पण १८७९ मध्यें तो वारला. त्याचें थडगें भुसावळ येथें आहे.

पुढें मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह हेंच काम नव्यानें हातीं घेतलें. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकींच एक. ह्याही नकला लंडनला गेल्या, साउथ केन्सिंग्टन येथें एकत्र ठेवल्या गेल्या आणि १८८५ सालच्या आगींत त्यांतील मोठा भाग जळाला. मात्र ग्रिफिथ्स यांचा ग्रंथ १८९६-९७ मध्यें दोन खंडांत छापला गेला, त्याच्या प्रती ठिकठिकाणच्या ग्रंथालयांत पोंचल्या, आणि त्या सर्व प्रती जाळूं शकेल अशी आग कोठेंच नव्हती.

नकला करणाऱ्यांच्या परिश्रमांत कांहीं उणें नव्हतें. उणें होतें तें एवढेंच, कीं सगळा ठेवा एका छपराखालीं ठेवला गेला; आणि एकदां ठेंच लागल्यावरही तीच चूक पुन्हां झाली.

आतां आपल्या घराकडे वळूं. समजा, औरंगपुऱ्यांतील एखादें कुटुंब आहे. मुलीचें लग्न, नातवाचें बारसें, वेरूळची सहल, आजोबांचें सहस्रचंद्रदर्शन, हें सर्व एका मोबाइलमध्यें आहे. मोबाइल रिक्षांत विसरला, पाण्यांत पडला किंवा बिघडला, तर क्रिस्टल पॅलेसची आग त्या घरांत लागलीच म्हणून समजावें. फरक एवढाच, कीं या आगीला धूर नसतो.

यावर उपाय फारसा अवघड नाहीं. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनीं रूढ केलेला एक सुटसुटीत नियम आहे: प्रती तीन असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि एक प्रत घराबाहेर असावी. एक प्रत संगणकांत, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडमध्यें किंवा नाशिक-पुण्याच्या एखाद्या आप्ताकडे दुसऱ्या डिस्कवर, एवढ्यानें काम भागतें. येथें एक सावधगिरी मात्र हवी. मोबाइल व क्लाउड एकमेकांशीं जोडलेले असले, तर मोबाइलमधून पुसलेलें चित्र बहुधा क्लाउडमधूनही पुसलें जातें व ठराविक दिवसांनंतर तें परत मिळत नाहीं. तेव्हां नुसत्या जोडणीला बॅकअप समजूं नये. शिवाय वर्षांतून एकदोनदां डिस्कवरील चार फाइली उघडून पाहाव्या. ज्या तिजोरीची किल्ली कधीं लावून पाहिली नाहीं, तिच्यावर विसंबणें शहाणपणाचें नव्हे.

दुसरा प्रश्न नांवांचा. अजिंठ्याच्या लेण्यांना क्रमांक आहेत, पण ते दरींतील स्थानाप्रमाणें दिलेले आहेत, काळाप्रमाणें नव्हेत. दहावें लेणें पहिल्याहून कित्येक शतकांनीं जुनें आहे. पंधराव्या व सोळाव्या लेण्यांमधील एक लेणें मागाहून उजेडांत आलें, तेव्हां त्याला ‘पंधरा-अ’ म्हणावें लागलें. कॅमेऱ्यानें आपण होऊन दिलेल्या क्रमांकाचीही तीच गत आहे. पुष्कळ कॅमेऱ्यांत तो ९९९९ पर्यंत जातो आणि पुन्हां एकापासून सुरू होतो. मग एकाच नांवाचीं दोन चित्रें होतात आणि एकावर दुसरें लिहिलें जाण्याचा धोका उद्भवतो. म्हणून नांवांत प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यापुढें प्रसंग व शेवटीं क्रमांक घालावा, उदाहरणार्थ, ‘२०२४-०१-१४-वेरूळ-००३’. वर्ष आधीं घातलें कीं संगणक नांवें लावतांना आपोआप काळाचा क्रम लागतो. आणि तीनच्या आधीं दोन शून्यें घातलीं कीं दहावें चित्र दुसऱ्याच्या आधीं येऊन बसत नाहीं. मागाहून सांपडलेलें चित्रही आपल्या जागीं बरोबर जाऊन बसतें.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. ग्रिफिथ्स यांच्या काळीं चित्रें स्पष्ट दिसावीं म्हणून मूळ भिंतींवरच व्हार्निश लावलें गेलें. १९२० ते १९२२ या काळांत निझाम सरकारनें बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनीं पुन्हां लाखेचा लेप दिला. हेतु चांगला होता; पण कालांतरानें ते लेप पिवळे व काळवट पडले, आणि ते काढण्याचें काम पुढच्या पिढ्यांच्या वांट्याला आलें. तेव्हां मूळ फाइलीला कधींही हात लावूं नये. उजेड वाढविणें, कडा कापणें, रंग बदलणें, जें करावयाचें तें प्रतीवर करावें आणि त्या प्रतीच्या नांवापुढें ‘दुरुस्त’ असा शब्द जोडावा. जेपेग जातीची फाइल दर वेळीं बदलून साठविली कीं तिच्यांतील थोडा तपशील कायमचा जातो. व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीनें पाठविलेलें चित्रही आकसतें आणि तें काढल्याची तारीख त्यांतून गळून पडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास तें मूळ रूपांत पोंचतें.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तु खात्याचे गुलाम याझदानी यांनीं अजिंठ्यावरील आपला ग्रंथ १९३० ते १९५५ या काळांत चार भागांत प्रसिद्ध केला. त्यांत नुसतीं चित्रें नाहींत. चित्रांत कोण आहे, काय चाललें आहे, याचें वर्णनही आहे. आपल्या घरीं नेमका याच्या उलट प्रकार दिसतो. चित्र स्वच्छ असतें, पण त्यांतील डावीकडून तिसरी बाई कोण, हें सांगणारें माणूस एकच उरलेलें असतें, आणि त्याचें वय ऐंशीच्या पुढें असतें. फाइल हरवली तर दुसरी प्रत मिळेल. पण आजीच्या स्मरणांतील नांव तिच्याबरोबर गेलें, तर त्याची दुसरी प्रत कोठें शोधावयाची?

म्हणून डिस्क विकत घेण्याआधीं, फोल्डर लावण्याआधीं, येत्या रविवारीं घरांतील सर्वांत वडील माणसाजवळ बसावें. एकेक चित्र दाखवावें, नांवें विचारावीं, आणि तीं चित्राच्या माहितींत किंवा साध्या वहींत लगेच टिपून ठेवावीं. बाकीचें काम सोमवारीं केलें तरी चालेल.