भरमा : आपल्या मातीतलं एक नाव

(हिंडलगा येथे मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात नावांवर बोलायला कुणाची हरकत नसावी. ज्याची सहस्र नावं घेतली जातात, त्याच्यासमोरच आपण उभे आहोत. आम्ही मात्र आज एकाच नावावर बोलणार आहोत. ते नाव म्हणजे भरमा. भरमा, भरमू, भरमाण्णा, भरमाप्पा, आणि बायकांत भरमव्वा.

पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला हे नाव सांगितलं की तो दोनदा विचारतो. आपल्याकडे बेळगाव, खानापूर, चंदगड, हुक्केरी, निपाणी या टापूत ते कुणाला नवं नाही. इथल्या जुन्या घरांत वंशावळ काढली तर आजोबा, पणजोबा किंवा चुलत आजोबा यांपैकी कुणीतरी भरमा निघतोच. पण आज पाळण्यातल्या मुलाचं नाव भरमा ठेवलंय असं आपल्यापैकी किती जणांनी अलीकडे ऐकलं? म्हणून हे नाव आलं कुठून, रुजलं कसं आणि आता का चाललंय, एवढंच थोडक्यात मांडतो.

नावाचं मूळ ब्रह्म. 'ब्रह्म' आपल्या तोंडी 'ब्रम्ह' होतं. जोडाक्षर सुटून धर्माचं धरम आणि कर्माचं करम होतं, तसंच इथं 'बरम्ह' झालं. मग शेवटचा हकार पुढं सरकला, 'ब'ला चिकटला आणि 'भरम' झालं. हकार असा उडी मारतो का? मारतो. 'गृह' या संस्कृत शब्दातला शेवटचा 'ह' पहिल्या 'ग'मध्ये शिरला आणि आपलं 'घर' झालं. ज्या नियमानं घर झालं, त्याच नियमानं भरमा झाला. शाळेत पोरं हिंदीतल्या 'भरम'वरून, म्हणजे भ्रमावरून, या नावाची चेष्टा करतात. त्यांना हे सांगायला हवं की भ्रमाशी या नावाचा काही संबंध नाही.

इथं एक कोडं मात्र पडतं. ब्रह्मदेवाची पूजा कुठं होते? पुष्करचं देऊळ प्रसिद्ध आहे, आणि ते प्रसिद्ध आहे याचं कारणच असं की अशी देवळं फार थोडी. पुराणातली गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. लिंगाचा अंत लागला असं ब्रह्मदेव खोटं बोलला, केतकीनं खोटी साक्ष दिली आणि शंकरानं शाप दिला की तुझी पूजा होणार नाही. मग ज्याची पूजा नाही त्या देवाचं नाव आपल्याकडे घरोघर कसं?

याचं उत्तर आपल्या वेशीवर आहे. आपल्या लोकांनी नाव ठेवलं ते पोथीतल्या चार तोंडांच्या ब्रह्मदेवाचं नव्हे, तर गावच्या ब्रह्मदेवाचं. तो दोन वाटांनी आला.

पहिली वाट पश्चिमेची. बेळगाव तालुक्यापासून चंदगडपर्यंत अनेक गावांत ब्रह्मलिंगाची देवळं आहेत. पुराणात ब्रह्मदेवाला ज्या लिंगाचा अंत लागला नाही, त्याच लिंगाबरोबर आपल्या गावकऱ्यांनी त्याला एका नावात बसवलं. हा शिवाराचा राखणदार. पेरणीआधी त्याला नारळ, सुगीनंतर त्याला नारळ, घरात पाळणा हलेना तर त्यालाच गाऱ्हाणं. नवसानं मूल झालं की त्याचं नाव भरमा. सौंदत्तीच्या यल्लम्मामुळं जसे यल्लाप्पा आणि तिच्या लेकावरून परशराम झाले, वाडी रत्नागिरीच्या जोतिबामुळं जसे जोतिबा झाले, तसाच हा भरमा.

दुसरी वाट उत्तरेची, निपाणीकडची. निपाणीजवळ तवंदी घाटात, पुणे-बेंगळुरू महामार्गालगत स्तवनिधी हे जैनांचं क्षेत्र आहे. तिथं पार्श्वनाथांबरोबर क्षेत्रपाल ब्रह्मदेवाला फार मान. आज जी संस्था दक्षिण भारत जैन सभा म्हणून ओळखली जाते, तिची स्थापना १८९९ साली याच स्तवनिधीला झाली. कर्नाटकात जैन बस्त्यांपुढं ब्रह्मदेवाचे खांब उभारण्याची रीत जुनी आहे. श्रवणबेळगोळचा त्यागद ब्रह्मदेव स्तंभ चामुंडरायाच्या नावाशी जोडलेला, म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्तीही १२०४ सालची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातली. जैन धर्माची मुळं या भागात किती खोल आहेत ते यावरून कळतं. त्यामुळं जैन शेतकऱ्यांच्या घरांतही भरमा, भरमू, भरमाप्पा ही नावं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

म्हणजे एका बाजूला ब्रह्मलिंगाला नारळ देणारं मराठा घर, दुसऱ्या बाजूला स्तवनिधीला जाणारं जैन घर. दोघांच्याही पाळण्यात नाव एकच. अशी नावं थोडी असतात.

आता या नावाच्या शेपटाकडं बघा. अण्णा म्हणजे कन्नडमध्ये थोरला भाऊ, अप्पा म्हणजे वडील, अव्वा म्हणजे आई. आपल्या मराठी घरांत ही शेपटं इतकी मुरली की ती परकी आहेत असं कुणाच्या मनातही येत नाही. चंदगडचे माजी आमदार आणि माजी राज्यमंत्री भरमू सुबराव पाटील यांना सगळा तालुका भरमूअण्णा म्हणतो. भरमू हा मराठी वळणाचा, अण्णा कन्नड वळणाचा. तिकडं खाली चित्रदुर्गात १६८९ ते १७२१ या काळात भरमण्णा नायक राज्य करत होता. तेच नाव, तोच देव, बोली मात्र निराळी.

आम्ही हे हिंडलग्यात उभं राहून बोलतोय, म्हणून एक गोष्ट टाळता येत नाही. १ जून १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ज्यांचे प्राण गेले, त्यांचं स्मारक आपल्या गावात आहे. दरवर्षी १ जूनला आपण तिथं जमतो, नावं वाचली जातात. ती नावं कधी नीट ऐकलीत? त्यांत भरमा आहे, कल्लाप्पा आहे, परशराम आहे, भावकू आहे, भैरू आहे. मराठीसाठी ज्यांनी छातीवर गोळी घेतली, त्यांची नावं अशी या मातीतली होती. काही तर कन्नड वळणाची. त्यांना आपल्या नावाची लाज नव्हती आणि त्या नावानं त्यांची मराठी उणी होत नव्हती. आज एखादी तरुण आई म्हणते, 'भरमा नको, ते कानडी वाटतं.' दुसरी म्हणते, 'नको, ते खेडवळ वाटतं.' दोघींनाही आमचं एवढंच सांगणं की एकदा त्या स्मारकावरची नावं मोठ्यानं वाचा.

पण दोष फक्त तरुण आयांना देणं बरोबर नाही. हे नाव मागं पडायला आपल्या जुन्या चालीही कारण झाल्या. आजोबा गेले की त्यांचं नाव नातवाला ठेवायचं, ही आपली रीत. त्याच रीतीनं भरमा टिकला. पण सून सासऱ्याचं नाव घेत नाही. मग कागदावर भरमा असलेल्या पोराला घरात बाळू, आप्पा, दादा म्हणायला सुरुवात झाली. नाव दाखल्यात राहिलं, तोंडातून गेलं. जे नाव हाकेला येत नाही, ते पुढच्या पिढीला कोण ठेवणार?

भरमव्वाचं तर त्याहून वाईट झालं. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं की माहेरची भरमव्वा संपली. सासरी ती लक्ष्मी झाली, पार्वती झाली. वंशावळीत बायकांची नावं लिहायची पद्धत नव्हती. त्यामुळं आज एखाद्या घरात पणजोबा भरमा होते हे सांगता येतं, पण पणजीचं माहेरचं नाव विचारलं की सगळे एकमेकांकडं बघतात.

तिसरं कारण कागदपत्रांचं. शाळेच्या दाखल्यावर भरमा, कन्नडमधल्या उताऱ्यावर भरमाप्पा, आधार कार्डावर इंग्रजीत आणखी तिसरंच. माणूस एक, नावं तीन. जमिनीची वारसा नोंद करताना 'या तिन्ही व्यक्ती एकच' असं अफिडेव्हिट करून द्यावं लागतं, आणि त्यासाठी किती हेलपाटे घालावे लागतात ते इथल्या अनेकांना ठाऊक आहे. अशा त्रासातून गेलेला बाप मुलाचं नाव सुटसुटीत ठेवतो, यात त्याचं काय चुकलं?

म्हणून उद्यापासून सगळ्यांनी मुलांची नावं भरमा ठेवा, असा आग्रह आम्ही धरणार नाही. आर्यन ठेवा, अन्वी ठेवा. नाव हा आईबापांचा आनंद आहे. आमचं मागणं साधं आहे.

घरात गणपती आहे तोवर सगळी भावकी आरतीला एकत्र येते. त्याच वेळी एक वही काढा. तीन पिढ्यांची, जमल्यास चार पिढ्यांची नावं लिहा. पुरुषांची लिहा आणि बायकांचीही लिहा. माहेरचं नाव आणि सासरचं नाव, दोन्ही. नावापुढं लिहा की ते कुठल्या देवावरून ठेवलं. ब्रह्मलिंगावरून की स्तवनिधीच्या ब्रह्मदेवावरून, हे घरातली म्हातारी माणसं आज सांगू शकतात. ती आहेत तोवर विचारा. कागदावरचं आणि हाकेचं नाव वेगळं असेल तर तेही लिहा. पुढं नोंदी जुळवताना ही वही उपयोगी पडेल.

आणि ज्यांच्या घरात आजही कुणी भरमा किंवा भरमव्वा असेल, त्यांना त्याच नावानं हाक मारा. नाव घेतलं की माणूस सुखावतो, हे सांगायला शास्त्र लागत नाही.



गणपती बाप्पा मोरया!