उशिरा ढळणारा तोल



समजा, लंबकाला थोपविणारे घर्षण हळूहळू घटत गेले आणि शेवटी त्याच्या जागी उलट रेटाच आला. तोल त्याच क्षणी ढळला. पण लंबक हलताना दिसत नाही! घर्षणाच्या काळात त्याची हालचाल विरून नाममात्र उरलेली असते. ती पुन्हा वाढावयास जवळजवळ तितकाच काळ लागतो. मग लंबक एकाएकी उसळतो. १९७३ साली सोव्हिएट गणिती शिश्कोवा यांनी अशा विलंबाचे उदाहरण तपासले. १९८७ साली नेइश्ताद्त यांनी त्यामागील व्यापक नियम सिद्ध केला.

तेव्हा ही शांतता आजच्या स्थैर्याची खूण नव्हे, कालची पुण्याई आहे. बारीक धक्के बसत राहिले, तर तीही लवकर सरते. म्हणून आपण नुसत्या शांततेवर विसंबू नये. मर्यादा ओलांडली की काय, ते पाहावे.