खाणावळवालीची पत



१९०३ साली अमेरिकेतल्या रिचमंड शहरात मॅगी लेना वॉकर या कृष्णवर्णीय बाईने बँक काढली. तिची आई लोकांचे कपडे धुऊन संसार चालवायची. कष्टकऱ्यांची चिल्लर साठवत उभी राहिलेली ती बँक १९३०च्या दशकातल्या महामंदीतही तगली. मी बँकेत सदतीस वर्षं काढली, म्हणून मला मॅगीचं मोल कळतं. पण तिच्या तोलाची एक बाई मुंबईतल्या आपल्या गिरणगावात होऊन गेली, तिचं नाव तुम्हाला ठाऊक असायलाच हवं. प्रेमाताई पुरव.

प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या. तिथल्या मुक्तिलढ्यात उतरल्या आणि पुढे मुंबईत कामगारांमध्ये काम करू लागल्या. तेव्हा प्रभादेवीपासून लालबागपर्यंत गिरण्यांचे भोंगे वाजत. बायकामुलं गावी ठेवून आलेला कामगार खाणावळीत जेवायचा. खाणावळ म्हणजे हॉटेल नव्हे. चाळीतली एक खोली, एक स्टोव्ह आणि पहाटेपासून भाकऱ्या थापणारी बाई. माणसं महिनाभर जेवायची आणि पैसे पगाराला द्यायची. तिला मात्र तांदूळ आजच भरावा लागे. मधल्या दिवसांसाठी वाण्याची उधारी आणि सावकाराचं कर्ज. त्यात मंगळसूत्रही गहाण पडे. संप झाला की कामगार उधारीवर जेवायचा, हिची चूल मात्र बंद होत नसे.

आता हिशेबाने बघा. गिऱ्हाईक बांधलेलं, वसुलीचा दिवस ठरलेला, कष्टात कसूर नाही. कर्ज द्यायला याहून चांगला धंदा कुठला? तरी बँकेची दारं बंदच, कारण तारण नाही. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७२ साली गरिबांसाठी चार टक्के व्याजाची योजनाही आली. पण योजना चाळीचा जिना आपणहून चढत नाही. १९७५ साली प्रेमाताईंनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बायकांचे गट बांधले, एकीला दुसरी जामीन राहिली आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्या हाती आलं. शेजारणीचा शब्द हेच तारण. माझ्या मते आपल्या बँकिंगमधला हा फार मोठा शोध आहे.

मी नवी असताना आमच्या काउंटरवर एक खाणावळवाली हप्ता भरायला यायची. नोटा पदराच्या गाठीत, बोटांच्या पेरांत सुकलेलं पीठ. अंगठा उठवण्याआधी तो पदराला स्वच्छ पुसायची. नोंद झाली की पासबुक कपाळाला लावायची. तिचा एकही हप्ता चुकला नाही.

गिरणी कामगारांच्या १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, जेवणारी माणसं गावी परतली. मंडळाने बायकांना डबे आणि केटरिंगची कामं मिळवून दिली. २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

मुलांनो, तुमच्यातल्या कुणाच्या तरी आजीने, पणजीने खाणावळ चालवली असेल. आज घरी गेल्यावर विचारा. किती माणसं जेवायची, तांदूळ कुठून यायचा, उधारी कशी फेडली. सगळं वहीत लिहून घ्या आणि तुमच्या बाईंना दाखवा.