आम्ल, आम्लारी आणि पाण्याचा गुण



जयंतीच्या विचारपीठावर रसायनशास्त्र कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. परंतु सिंगापूरच्या पश्चिम टोकाला, तुआसच्या कारखान्यांत, आपल्यापैकी कित्येकांचे हात आम्लाच्या पिंपांपाशी राबतात. म्हणून हा विषय आम्ही निवडला.

पाण्यात विरघळून हायड्रोजन आयन देणारा पदार्थ म्हणजे आम्ल. हायड्रॉक्साइड आयन देणारा तो आम्लारी. लिंबू, चिंच, दही आम्लधर्मी. चुना, साबण, कॉस्टिक सोडा आम्लारिधर्मी. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, हे आपल्या आयाबहिणींनी लिटमस न पाहताच ओळखले होते! १९०९ साली कोपनहेगनच्या सॉरेन्सन यांनी या गुणाला अंक दिला. त्यास आपण सामू म्हणतो. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी; आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक.

दोहोंचा संयोग झाला की क्षार आणि पाणी तयार होते. तुआसच्या कचरा-दहन केंद्रात धुरातील आम्लवायू चुन्याच्या भुकटीने असेच निष्प्रभ केले जातात. तुआस येथेच २००५ मध्ये समुद्राचे पाणी गोडे करणारा सिंगापूरचा पहिला प्रकल्प सुरू झाला. अशा रीतीने क्षार काढलेले पाणी किंचित आम्लधर्मी होऊन नळ झिजवते. म्हणून त्यात पुन्हा खनिजे मिसळावी लागतात.

पाण्याची पारख अशी मोजून होते. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा त्या पाण्यातील एकही आयन बदलला नाही. पुढे सनातन्यांनी 'शुद्धी'साठी शेण, गोमूत्र, दूध, दही भरलेल्या १०८ घागरी त्यात बुडविल्या. दह्यात लॅक्टिक आम्ल, शेणात असंख्य जिवाणू! पाणी बिघडले असेल तर ते या शुद्धीने. (सामू ७ म्हणजे पाणी पिण्याजोगेच, असे मात्र मुलांनी समजू नये, जंतूंची परीक्षा निराळी.) तळ्यावरील हक्काचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने दिला.

आता कारखान्यातील बांधवांसाठी. तीव्र सल्फ्युरिक आम्ल सौम्य करताना आम्ल पाण्यात, थोडे थोडे ओतावे. आम्लात पाणी कदापि नाही. उष्णता इतकी निर्माण होते की द्रव उसळून तोंडावर येतो. अंगावर आम्ल सांडले तर त्यावर सोडा चोळू नये. उदासिनीकरणाची ती उष्णता जखम वाढविते. भिजलेले कपडे उतरवून वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे उभे राहावे. कॉस्टिक डोळ्यात गेले तर विलंब अधिकच घातक, कारण आम्लारी खोलवर शिरतो. ९९५ क्रमांक सोबत्याने फिरवावा; आपण आधी नळ गाठावा.

जयभीम!