समावर्तनाचे दिवस



पदवी परीक्षेपूर्वीचे शेवटचे काही आठवडे विद्यार्थ्याच्या जीवनात मोठे विलक्षण असतात. निरोप समारंभ आटोपलेला असतो. प्रात्यक्षिकांच्या वह्यांवर सह्या घेण्याची धावपळ चालू असते. ग्रंथालयाची पुस्तके परत करायची असतात. नांदेड-लातूरच्या भाड्याच्या खोल्यांतून रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात. अभ्यासाचे ओझे तर असतेच. पण त्याहूनही जड असा एक प्रश्न मनात घर करून बसलेला असतो : पुढे काय?

आपल्या पूर्वजांनी या संधिकालाला संस्काराचे स्थान दिले होते. गुरुकुलातील अध्ययन पूर्ण करून घरी निघालेल्या शिष्याचा समावर्तन संस्कार होत असे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत निघालेल्या शिष्याला आचार्यांनी केलेला उपदेश आहे. सत्य, स्वाध्याय आणि मातापित्यांचा आदर यांविषयीचा त्यातील भाग सर्वपरिचित आहे. त्याच उपदेशात आचार्य असेही बजावतात की, आमच्या आचरणातील जे चांगले असेल तेवढेच अनुसरा, इतर नव्हे. ज्याला स्वतःच्या गुरूच्या वागण्यातूनही निवड करता येते, त्याचे शिक्षण पूर्ण झाले, अशी ही कसोटी आहे.

समावर्तन या शब्दाचा मूळ अर्थच मुळी परत फिरणे असा आहे. आज मात्र मराठवाड्यातील पदवीधराच्या दृष्टीने पदवी म्हणजे दूर जाण्याचा परवाना ठरली आहे. पदवी हाती पडताच त्याची पावले पुणे, मुंबई, हैदराबादकडे वळतात. पोटासाठी दूर जाण्यात कसलाही दोष नाही. प्रश्न एवढाच, की जाताना तो आपल्याबरोबर कोणते ऋण घेऊन जातो, आणि त्याची त्याला जाणीव असते काय?

या मातीत उच्च शिक्षण सहज आलेले नाही. नांदेड आणि लातूर निजामाच्या संस्थानात होते. तेथील उस्मानिया विद्यापीठाच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी, तेलुगू वा कन्नड बोलणाऱ्या मुलाला आपल्या भाषेतून पदवी घेण्याची सोय नव्हती. १९३८ च्या अखेरीस वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. सत्तेने बंदी घातली. विद्यार्थी नमले नाहीत. शेकडोंची नावे पटावरून कमी करण्यात आली. त्या वेळी नागपूर विद्यापीठाने आपली दारे उघडली आणि अनेकांनी तेथे जाऊन शिक्षण पूर्ण केले. परीक्षा तोंडावर असताना, घरच्यांच्या सगळ्या आशा त्या पदवीत गुंतलेल्या असताना, या तरुणांनी ती पणाला लावली.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले आणि १९५० मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. ज्या संन्याशाने मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले, त्याने स्वातंत्र्य मिळताच महाविद्यालयाचा विचार केला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १९९४ साली नांदेड येथे स्थापन झालेल्या विद्यापीठाला त्यांचेच नाव दिले गेले. लातूरच्या पदवीधराच्या पदवीपत्रावरही आज तेच नाव असते.

याच पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर प्राध्यापक होते, पुढे प्राचार्य झाले. विद्यार्थिदशेत परीक्षांनी त्यांना फारशी साथ दिली नाही. पदवी उशिरा मिळाली. त्यापूर्वी ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिकवीत होते. परंतु वाचन थांबले नाही. पुढे अवघ्या महाराष्ट्रात व्याख्याता आणि विचारवंत म्हणून कीर्ती झाली, तरी त्यांनी नांदेड सोडले नाही. १९८२ साली, वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच, ते गेले. त्यांची सर्वच मते सर्वांना पटावीत असे नाही; परंतु गुणपत्रिका हा माणसाचा अखेरचा हिशेब नसतो, हे त्यांच्या चरित्रातून शिकता येते. परीक्षेच्या भीतीने खचलेल्या विद्यार्थ्याने ते अवश्य आठवावे.

ऋण केवळ इतिहासाचे नसते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर तहानेने व्याकूळ झाले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. तिच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ते दिवस परीक्षांचेच होते. कृष्णाकाठच्या अनोळखी माणसांनी आपल्या वाट्याचे पाणी धाडले आणि ते पिऊन मराठवाड्यातील मुले अभ्यासाला बसली.

आणि रोजचे ऋण तर डोळ्यांसमोर असते. पहाटे उठून आई भाकरी थापते, डबा बांधते. वडील तो फाट्यावर नेऊन एसटीच्या वाहकाच्या स्वाधीन करतात. दुपारी शहराच्या बसस्थानकावर मुलगा तो उतरवून घेतो. अशा कित्येक डब्यांतून एक पदवीधर घडतो.

म्हणूनच या आठवड्यांत एक काम अभ्यासाइतकेच महत्त्वाचे आहे. पुढचा निर्णय मातापित्यांसमोर बसून, स्पष्टपणे बोलून घ्यावा. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला जायचे असेल, तर किती वर्षे प्रयत्न करणार, खर्च कोठून येणार आणि यश न आल्यास दुसरी वाट कोणती, हे आधीच ठरवावे. केवळ मित्र गेले म्हणून निघालेला आणि गावी तोंड दाखविण्याच्या संकोचाने तेथेच रेंगाळलेला तरुण आज गावोगावच्या घरांत चिंतेचा विषय झाला आहे. त्याच्या वर्षांची किंमत शेतातून दिली जाते. नापास होण्यात लाज नाही. घरच्यांना अंधारात ठेवण्यात आहे.

ज्याला राहणे शक्य आहे त्याने राहावे; येथील शाळांना, शेतीला, उद्योगांना शिकलेल्या माणसांची गरज आहे. ज्याला जावे लागेल त्याने खुशाल जावे, परंतु गावच्या शाळेतील एखाद्या मुलाच्या शिक्षणाचा भार उचलावा, सुट्टीत येऊन चार विद्यार्थ्यांना वाट दाखवावी. परत फिरण्याचे मार्ग अनेक आहेत.

पदवीपत्रावर नाव एकाचेच छापलेले असते. ते मिळविण्यासाठी झिजलेले हात अनेकांचे असतात. ते हात ज्याला ओळखता आले, त्याचे समावर्तन झाले.