न आलेल्या माणसाचं कार्ड



माझ्या दवाखान्यात एक लाकडी पेटी आहे. रक्तदाबाच्या पेशंटची कार्डं तीत तारखेप्रमाणे उभी लावलेली असतात. ज्यांची तारीख आज, त्यांची कार्डं पुढच्या कप्प्यात. रात्री दवाखाना बंद करताना त्या कप्प्यात जी उरतात, ती आज न आलेल्या माणसांची. ही पेटी मी काही वर्षांपूर्वी करून घेतली. त्याआधी वीस वर्षं प्रॅक्टिस केली, ती हिच्याशिवाय. ती का करावी लागली, ते आज सांगायचं आहे.

पुण्यातल्या पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतून एक बाई यायच्या. चार घरी पोळ्यांचं काम, वय एक्केचाळीस, अंगानं काटक. आल्या होत्या खोकल्यासाठी. दंडाला पट्टा बांधून बघितलं, तर बीपी १७६/१०४. डोकं दुखतं का, चक्कर येते का, दोन्हीला नाही. "मला काय धाड भरलीय डॉक्टर? पहाटे पाचपासून उभी असते मी." मिश्री मात्र दिवसातून पाच-सहा वेळा. मी गोळी सुरू केली, मीठ कमी करायला आणि मिश्री सोडायला सांगितलं. दोन महिन्यांनी बीपी १३४/८६ आलं. मला मनापासून आनंद झाला आणि मी म्हणालो, "छान! नॉर्मल आलं."

चूक त्या वाक्यात होती. नॉर्मल आलं म्हणजे बरं झालं, असं समजून त्यांनी गोळी बंद केली. ताप उतरला, गोळी थांबवली, हीच आपल्या सगळ्यांची रीत. गोळी चालू होती म्हणून आकडा १३४ होता, हे त्यांना सांगायला हवं होतं आणि मी ते सांगितलं नाही.

पुढे एका सकाळी कणीक मळता मळता त्यांचा उजवा हात परातीतच लुळा पडला. तोंड वाकडं झालं, बोबडी वळली. अंगावरून वारं गेलं म्हणून घरच्यांनी तेल लावून चोळलं, पांघरूण घालून निजवलं. माझ्याकडे आणलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. मी जुना केसपेपर काढला. शेवटची तारीख चार महिन्यांपूर्वीची. ती बाई चार महिने आलेली नव्हती आणि माझ्या ते गावीही नव्हतं. आलेल्या पेशंटच्या गर्दीत न आलेला माणूस दिसत नाही.

अंगावरून जातं ते वारं नसतं. मेंदूला रक्त नेणारी वाहिनी गुठळीनं बंद होते किंवा फुटते. गुठळी असेल तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि गुठळी की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कुणालाही सांगता येत नाही. म्हणून घरी ॲस्पिरिनसुद्धा देऊ नका. हसायला सांगा, दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा, एक साधं वाक्य बोलायला सांगा. यातलं एकही बिघडलेलं दिसलं, की घड्याळात वेळ बघून ठेवा, १०८ ला फोन करा आणि जिथे सीटी स्कॅन चोवीस तास चालतो अशा ठिकाणी न्या. माझ्याकडे आणू नका. फॅमिली डॉक्टरला आधी दाखवून घेऊ, या भल्या सवयीत पुण्यात फार वेळ जातो. आणि हात दहा मिनिटं बधिर होऊन आपोआप सुटला, तरीही त्याच दिवशी दाखवा. खऱ्या झटक्याचा धोका पुढच्या दोन दिवसांतच सर्वांत जास्त असतो.

पण माझा विषय आधीच्या त्या चार महिन्यांचा आहे.

१२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले. वर्षभर आधी त्यांचं बीपी १८६/१०८ नोंदलेलं होतं, आणि त्या काळी डॉक्टरांच्या हाती ते खाली आणणारं खात्रीचं औषध नव्हतं. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाला जी मिळाली नाही, ती गोळी आज महापालिकेच्या दवाखान्यात मिळते. वरचं बीपी दहानं उतरलं, तर झटक्याचा धोका सुमारे एक चतुर्थांशानं कमी होतो. औषध आहे, स्वस्त आहे, चालतं. अडतं ते महिन्यामागून महिना ते माणसाच्या पोटात जाण्यापाशी.

नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकार, आयसीएमआर आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी राज्यांच्या साथीनं उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रातून पहिल्यांदा भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे त्यात होते. त्यात नवं संशोधन काही नव्हतं. कोणती गोळी आधी, आकडा उतरला नाही तर पुढची कोणती, हे ठरलेलं. तीस दिवसांच्या गोळ्या एकदम. बीपी मोजण्याचं काम नर्सकडे. प्रत्येकाचं कार्ड, आणि जो आला नाही त्याला फोन किंवा घरी निरोप. माझी पेटी तिथून उचललेली आहे. साताऱ्याच्या आरोग्यकेंद्रात जे होऊ शकतं, ते पेठेतल्या दवाखान्यात का होऊ नये?

न आलेल्यांना फोन करू लागलो, तेव्हा कारणं कळली. एक काका चतुर्थीला आणि सोमवारी गोळी घेत नसत, उपवास म्हणून. म्हणजे आठवड्याला एक-दोन दिवस कोरडे. एक आजी दर आषाढात तीन आठवडे गोळीविना राहायच्या, कारण वारीला जायच्या आणि डबा घरी राहायचा. दर वर्षी वारीच्या पालख्या पुण्यात येतात. त्याआधी माझी कंपाउंडर कार्डं चाळते आणि जाणाऱ्यांच्या पिशवीत महिन्याच्या पट्ट्या घालून देते. विठोबाला गोळीचं वावडं नाही, एवढं मी आजींना सांगितलं आणि त्यांना ते पटलं.

आणखी एक समज: "ते तर बारीक आहेत, त्यांना कसलं बीपी आणि कसली शुगर?" याचं उत्तर जगाला याच शहरानं दिलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपली चरबी काट्यावर दिसत नाही, पोटात लपते. म्हणून माझ्या टेबलावर वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेपही लागतो: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरवर आणि बाईची ८० वर गेली, की साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायचं, मग माणूस कितीही सडपातळ दिसो.

मिठाबद्दल एकच सांगतो. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, ही मर्यादा आहे आणि तीत लोणचं, पापड, फरसाण, खारे दाणे सगळं आलं. आमटीत कमी घालून ताटात वरून घेतलं, तर हिशेब तोच राहतो.

त्या बाई आता दर महिन्याच्या सात तारखेला येतात. मिश्री सुटली. लाटणं उजव्या हातात अजून नीट धरवत नाही. कणीक त्या डाव्या हातानं मळतात आणि पोळ्या सून लाटते. चार घरांतली दोन सुटली.

बाहेर दाराजवळ आमच्या मुलींनी बीपी मोजायला दोन टेबलं मांडली आहेत. जाताना मोजून जा. आधी लघवीला जाऊन या, अर्ध्या तासात चहा-तंबाखू झाला असेल तर थोडं थांबा, पाठ टेकून आणि पायांची अढी सोडून पाच मिनिटं बसा, हात टेबलावर ठेवा, मोजताना बोलू नका. दोनदा मोजतील. आकडा १४०/९० किंवा त्याच्या वर आला तर घाबरू नका, पुन्हा दुसऱ्या दिवशी मोजायचा असतो. त्यासाठी नाव आणि फोन नंबर लिहून द्या. आला नाहीत, तर आम्ही फोन करू.