उतार पडो, वाढ होवो, गारवा राहो
(हिमायतनगर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय मला एका फोननं दिला. माझ्या वर्गात शिकलेली आपल्या तालुक्यातली एक मुलगी आयर्लंडमध्ये परिचारिका आहे. तिच्या वॉर्डात पश्चिमेच्या समुद्रकाठच्या गावातल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. दुखणं वाढलं तसं त्यांचं इंग्रजी मागं पडत गेलं आणि लहानपणची आयरिश तोंडी येऊ लागली. मुलीनं विचारलं, "सर, आमची आजी दुखणाईताच्या उशाशी बसून म्हणायची, 'उतार पडू दे माय.' मला हे त्या आजींना त्यांच्या भाषेत म्हणायचंय. कसं म्हणू?"

मला आयरिश येत नाही. पण प्रश्न ओळखीचा होता. लहानपणी, याच गावात, त्या प्रश्नाचं मी चुकीचं उत्तर दिलं होतं.

माझ्या धाकट्या भावाला मुदतीचा ताप आला होता. शेजारी एक तेलुगू बोलणारं घर होतं. त्या घरातल्या आजींना आम्ही सगळे 'अव्वा' म्हणायचो. अव्वा भावाला बघायला आल्या, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "नूरेळ्ळु चल्लगा उंडु बिड्डा." आईनं मला विचारलं, "काय म्हणल्या रे अव्वा?" गल्लीत खेळता खेळता मला तेलुगूचे चार शब्द आले होते. नूरेळ्ळु म्हणजे शंभर वर्षं, चल्लगा म्हणजे थंड, उंडु म्हणजे राहा. मी सांगितलं, "शंभर वर्षं थंड राहा म्हणल्या."

आईचा चेहरा उतरला. आपल्याकडं अंग थंड पडलं असं कधी म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. शब्दाला शब्द बरोबर होता, आणि आईच्या काळजाला मात्र त्यानं चटका दिला. अव्वांना मराठी थोडंच यायचं, पण चेहरा वाचता यायचा. त्यांनी तांब्यातल्या पाण्यात फडकं भिजवलं, पिळलं, भावाच्या कपाळावर ठेवलं. मग आईचा हात धरून त्या ओल्या फडक्यावर टेकवला आणि पुन्हा म्हणाल्या, "चल्लगा." आईला कळलं. ती अव्वांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

ज्या मुलखात उन्हाळ्यात दुपारी दगडावर पाय ठेवता येत नाही, तिथल्या माणसानं सुखाला 'गारवा' म्हटलं तर नवल काय? आपणही 'पोरांच्या डोक्यावर सावली राहू दे' म्हणतोच. मी तेव्हा 'शंभर वर्षं सुखाच्या सावलीत राहा' म्हणालो असतो, तर शब्द बदलले असते आणि अव्वांचं मन पोचलं असतं.

आता तुम्हीच विचार करा, आजार हटतो तेव्हा आपण काय म्हणतो? ताप उतरला. दुखण्याला उतार पडला. औषधाला गुण आला. फरक पडला, आराम पडला. मराठी माणसाच्या मनात दुखणं वर चढतं आणि मग पायरी पायरीनं खाली येतं. तेलुगूत 'तग्गिंदि' म्हणतात, म्हणजे कमी झालं. उर्दू बोलणारा आपला शेजारी 'अल्लाह शिफा दे' म्हणतो, आणि आजाऱ्याची विचारपूस करायला जाण्याला त्याच्याकडं 'अयादत' असा स्वतंत्र शब्दच आहे. आपण 'समाचाराला जातो' म्हणतो. तांड्यावरच्या गोरमाटी बोलणाऱ्या माणसाची देवाजवळची विनवणी 'साई वेस', म्हणजे भलं होऊ दे, अशी असते. किनवटच्या रस्त्यावरच्या कोणत्याही दवाखान्यासमोर तासभर बसा, या सगळ्या भाषांतले आशीर्वाद एकाच बाकावर ऐकू येतील.

आणि आयरिशमध्ये? त्या मुलीनं तिच्याबरोबर काम करणाऱ्या, आयरिश बोलणाऱ्या एका बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलेलं वाक्य असं: 'गो दागा बिशख ओर्त गो लूअ.' शब्दशः अर्थ, लवकरच तुझ्यावर बिशख येवो. बिशख म्हणजे बरं वाटणं, सुधारणा. पण त्याचा आणखी एक अर्थ आहे वाढ, भर. लीप वर्षाला आयरिशमध्ये याच शब्दावरून वाढीचं वर्ष म्हणतात, जसा आपल्याकडं अधिक महिना. आपल्याकडं आजार उतरतो, त्यांच्याकडं माणसाची वाढ होते. आजीचं 'उतार पडू दे' त्या मुलीनं शब्दशः नेलं असतं, तर तिथं खाली जाण्याची भाषा ऐकू आली असती, आणि माझ्या 'थंड राहा'सारखीच गत झाली असती.

त्या वाक्यात आणखी एक गोष्ट आहे. बिशख माणसावर येतं, आणि आजारसुद्धा माणसावरच असतो. आयरिश माणूस सर्दी झाली की 'माझ्यावर सर्दी आहे' अशा अर्थाचं वाक्य बोलतो. आपण 'मला ताप आला' म्हणतो, तेलुगू माणूस 'नाकु ज्वरम् वच्चिंदि' म्हणतो, तेही हेच. ताप आला आहे, तो पाहुणा आहे, तो जाईल. माणूस आणि आजार वेगळे ठेवण्याची ही समजूत तिन्ही भाषांनी आपापल्या घरी जपली आहे. आशीर्वाद द्यायला इथूनच सुरुवात करता येते.

आणि त्यातलं क्रियापद बघा. आपण 'होवो', 'लाभो', 'राहो' म्हणतो. शाळेत व्याकरण शिकवताना मी सांगायचो, आज्ञार्थानं हुकूम होतो, विनंती होते आणि आशीर्वादही होतो. संस्कृतात तर आशीर्वादासाठी आशीर्लिङ् हे वेगळं रूपच आहे. आयरिशमध्ये क्रियापदाचं एक जुनं इच्छार्थी रूप रोजच्या बोलण्यातून बहुतेक गेलं, पण आशीर्वादात आणि शापात टिकून राहिलं. 'दागा' हे तेच रूप. बाकी व्याकरण झिजलं तरी माणसानं आजाऱ्याच्या उशाशी लागणारे शब्द जपून ठेवले.

असं बोलणं कुणीतरी टिपूनही ठेवावं लागतं, म्हणून इथं मला एका आयरिश माणसाचं नाव घ्यायचं आहे. जॉर्ज ग्रिअर्सन, जन्म १८५१, डब्लिनजवळचा. भारतीय भाषांची पाहणी त्यांनी केली, तिचे ११ खंड १९०३ ते १९२८ या काळात छापले गेले. मराठीचा खंड १९०५ चा. भाषेचा नमुना म्हणून घर सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या मुलाची एकच बोधकथा त्यांनी भाषेभाषेतून उतरवून घेतली. पण निजामाच्या हैदराबाद संस्थानात ती पाहणी झाली नाही. वाढोण्याचं, म्हणजे आपल्या हिमायतनगरचं बोलणं त्या मोठ्या कामाबाहेर राहिलं. आपल्या आज्या काय बोलत होत्या, हे तेव्हा कुणी टिपून घेतलं नाही.

ते काम आता आपल्याला करता येईल. आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून गोष्टी, रीती, घरगुती उपाय वह्यांत लिहून काढले. मोठमोठ्या अभ्यासकांना जे जमलं नसतं ते पाचवी-सहावीच्या वयाच्या पोरांनी केलं. इथं बसलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे, प्रत्येक मुलाला एक वही द्या. एकच प्रश्न विचारायला सांगा: आजारी माणसाला भेटायला गेल्यावर तुम्ही काय म्हणता, आणि निघताना काय म्हणता? निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. तेलुगू शेजारीही 'जाऊन येतो' अशाच अर्थाचं बोलतो. असं किती सापडेल! मराठी, तेलुगू, उर्दू, गोरमाटी, गोंडी, जे घरात बोललं जातं ते तसंच लिहा. आणि भाषांतर करायची वेळ आली, तर कोशाआधी त्या भाषेतल्या एखाद्या आजीला विचारा. मी ते केलं नव्हतं.

आयर्लंडमधल्या त्या मुलीनं मग बिशखचं ते वाक्य पाठ केलं. रात्रपाळीला त्या आजींच्या उशाशी बसली, आपली आजी ठेवायची तसा कपाळावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली. आजींनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, 'गो राव् मा अगत.' आयरिशमध्ये आभार मानायला हेच म्हणतात. पण त्याचा शब्दशः अर्थ आहे, तुझ्यापाशी चांगलं असो.

पाणी आणून दिलं की आपल्या म्हाताऱ्याही आभार मानत नाहीत, 'देव तुझं भलं करो' म्हणतात. मुलगी फोनवर म्हणाली, "सर, मी आशीर्वाद द्यायला गेले होते, आणि घेऊन आले."

आपलं भलं होवो.